पास्कूस, व्हिएन्नाहून

प्रिय पास्कू,

सप्रेम नमस्कार. दीड वर्ष पत्र नाही म्हणून तू शिव्या घालणार, हे गृहीत धरूनच लिहितो आहे. माझी साखर आटोक्यात आहे.

काल लेकीने इथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात नेले आणि तिथे आपला संत फ्रान्सिस झेवियर भेटला. रुबेन्सने 1617-18च्या सुमारास, म्हणजे झेवियरला संतपद मिळण्याच्याही आधी, अँटवर्पच्या जेझुइट चर्चसाठी रंगवलेले हे चित्र पाच मीटरांहून उंच आहे. काळ्या झग्यातला झेवियर उंचावर उभा आहे, खाली मेलेली माणसे उठताहेत आणि मागे देवळातली मूर्ती कोसळते आहे. रुबेन्स हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता, तेव्हा मूर्ती त्याच्या कल्पनेतली, हे मला कळते. तरीही लेकीला सगळे चित्र समजावताना मी मूर्तीपाशी आलो आणि कॉलेजच्या कॅन्टीनच्या गोष्टी सांगू लागलो.

ज्याच्या नावाच्या कॉलेजात आपण वाढलो, त्याने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालय, मागितले होते. ते आले 1560 मध्ये, तो गेल्यावर आठ वर्षांनी. हे मी कॉलेजातच वाचले होते, पण तुझ्यापुढे कधी काढले नाही. तुझी आई 3 डिसेंबरला त्याच्यापुढे मेणबत्ती लावायची, आणि मला तिच्या हातचे इंद्याल सोडवत नव्हते. तो माझा समजूतदारपणा होता की लबाडी, हे कालपासून ठरत नाही. 2024 मध्ये झेवियरचे शव दर्शनाला ठेवले, तेव्हा त्या शवप्रदर्शनाला जुन्या गोव्यात बरोबर जायचे ठरवून मी ऐनवेळी टांग मारली, ती तापामुळे नव्हे. चार तास रांगेत तुझ्या शेजारी उभा राहिलो असतो, तर हे तोंडातून निघालेच असते.

बोललो ते एकदाच, आणि तेही थट्टेत. झेवियर हे स्पेनमधल्या नवारातल्या त्याच्या वाड्याचे नाव, मूळ बास्क भाषेतला अर्थ 'नवे घर', म्हणून तुमचा संत नवघरकर, असे मी म्हणालो. रोज नवघरहून गाडी पकडणारा तू आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. माझे म्हणणे बरोबर होते, हे आता तरी कबूल कर.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले का? केळी कशी आली? धाकट्याचे जमले असेल तर तारीख कळव. आणि त्या मूर्तीविषयी लिही, रागाने लिहिलेस तरी चालेल, पण आठ दिवसांच्या आत लिही.

तुझा,
बापू