स्वस्त ‘चारशे’ची तुलना नुसत्या ताकदीवर नको

महोदय,

बजाजच्या पल्सर एनएस 400 झेड या मोटारसायकलची तुलना वाहन पुरवण्यांत बहुधा एकाच आकड्यावर उरकली जाते : पैशांच्या मानाने ताकद किती. या हिशेबात ती जिंकणारच. मे 2024 मध्ये ती 1 लाख 85 हजारांना (एक्स-शोरूम) आली. केटीएमच्या जुन्या 390 ड्यूकच्या कुळातले 373 सीसीचे इंजिन, ताकद 40 पीएस (म्हणजे अश्वशक्ती). ट्रायम्फ स्पीड 400 ही तेव्हा तितक्याच ताकदीची, पण सुमारे 50 हजारांनी महाग. मग काटकसर झाली कुठे? मुख्यतः टायर, ब्रेक पॅड आणि सस्पेन्शनमध्ये, आणि जीव तर त्यांच्यावरच अवलंबून असतो.

जुलै 2025 मध्ये कंपनीने मागचा टायर 140/70 ऐवजी 150/60 मापाचा रेडियल (आतले धागे आडवे असलेला) केला (पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते), सिंटर्ड पॅड दिले, ताकद 43 पीएसवर नेली. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने आधी साल तपासावे.

2024 च्या गाडीला सिंटर्ड पॅड लावता येतात. त्यांत धातूची पूड असल्याने तापल्यावर आणि पावसात ते चांगले धरतात. डिस्क मात्र थोडी लवकर झिजते. बसवताना डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. मग ताशी 50-60 किमीच्या वेगावरून 20-25 वेळा, मध्ये अंतर देत, वेग 15-20 पर्यंत उतरवावा. तापलेल्या ब्रेकवर गाडी दाबून उभी करू नये. पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे लिव्हरला धडधड लागते.

टायरचे तसे नाही. 140/70 ची बाजू 98 मिमी उंच, 150/60 ची 90. म्हणजे चाकाचा व्यास 16 मिमीने घटतो, मागची बाजू 8 मिमी खाली येते, चेसिसचा कोन बदलतो. शिवाय ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक घसरू न देणारी यंत्रणा) पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या ताडून पाहते. तो हिशेब बिघडू शकतो. जुन्या गाडीत मूळ मापाचाच चांगला रेडियल घालावा.

सस्पेन्शनची उणीव मात्र पुढे भरून काढणे खर्चिक. 2024 च्या 390 ड्यूकमध्ये पुढच्या फोर्कचे कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग) आणि रिबाउंड (परत उसळण्याचा वेग), मागचे रिबाउंड क्लिकने बदलता येते. एनएसमध्ये फक्त मागच्या स्प्रिंगचा ताण सहा टप्प्यांत. त्यामुळे टेस्ट राइड एकट्याने मोकळ्या रस्त्यावर घेऊन भागत नाही. मागे माणूस बसवून खड्ड्यांच्या रस्त्याने जावे, सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत थांबावे, आणि इंजिन तापल्यावर चढत्या आरपीएमला हँडल व फूटपेगची थरथर सोसते का ते पाहावे.

किमतींबाबतही एक विनंती. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीवरच्या दुचाकींना 40 टक्के जीएसटी आहे, त्याखालच्यांना 18. त्याआधीच्या तक्त्यांवर 312 सीसीची अपाची आरटीआर 310 आणि 373 सीसीची पल्सर यांची तुलना करता येणार नाही. पाच वर्षांच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ताही जून 2022 च्या दरांनुसार 350 सीसीवर 15,117 रुपये, तर 150 ते 350 सीसीला 7,365. तुलनेच्या तक्त्यात ऑन-रोड किंमत, मॉडेलचे साल, टायरचे माप आणि पॅडचा प्रकार, हे चार रकाने आपण जरूर द्यावेत.

– एक वाचक, चाकण