गोळी लिहिली म्हणून दावा गेला

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

स. न. वि. वि.

मी नाशिकची निवृत्त शिक्षिका. माझं वय ६९, यजमान ७३. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जायचं ठरलं तेव्हा अळीव, डिंक, बाळंतशोपा सगळं आठवणीनं बॅगेत भरलं. प्रवास विमा मात्र शेवटच्या आठवड्यात काढला, तोही हप्ता बघून. ही आमची चूक, कबूल.

तिसऱ्या आठवड्यात यजमानांना पहाटे बाथरूममध्ये भोवळ आली. जावयांनी इमर्जन्सीत नेलं. सीटी स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, रात्रभर देखरेख आणि सकाळी ‘सगळं ठीक आहे, घरी जा’. बिल साडेआठ हजार डॉलर. पॉलिसी पन्नास हजारांची, म्हणून आम्ही निर्धास्त. मग कंपनीचं उत्तर आलं: भोवळ रक्तदाबामुळे, रक्तदाब आधीपासूनचा, जिवाला धोका नव्हता, सबब दावा नामंजूर.

बारा वर्षं हे रोज चहाआधी एक पांढरी गोळी घेतात. बीपी एकशेतीसच्या वर जात नाही. ती गोळी फॉर्मवर आम्हीच लिहिली होती. लपवली असती तर खोटारडे ठरलो असतो, लिहिली तर पैसे गेले.

परत आल्यावर भिंग घेऊन पॉलिसी वाचली. साठीपुढच्यांसाठी बाराव्या पानावर वेगळा तक्ता होता. खोलीभाडं दिवसाला इतकंच, शस्त्रक्रियेला इतकेच, भूलतज्ज्ञाला इतकेच. पहिल्या पानावर पन्नास हजार आणि बाराव्या पानावर त्याचे तुकडे. म्हातारपणी धोका जास्त, म्हणून हप्ता जास्त, हे मला पटतं. पण जास्त घेऊन कमी द्यायचं, हे गणित काही केल्या जमेना; आणि मी तीस वर्षं गणितच शिकवलं.

आपण ज्येष्ठांसाठी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. १ एप्रिल २०२४ पासून आरोग्य विमा घेताना पासष्टची आडकाठी राहिली नाही, आधीच्या आजारांचा खर्च विम्यातून मिळेपर्यंतची प्रतीक्षा ४८ वरून ३६ महिन्यांवर आली. जानेवारी २०२५ मध्ये, ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला, असं आपण कंपन्यांना बजावलंत. पण तीन महिन्यांच्या प्रवासाला ३६ महिन्यांची प्रतीक्षा काय कामाची? १९३८च्या विमा कायद्यात आरोग्य विमा व्यवसायाची जी व्याख्या आहे, तिच्यात प्रवास विमाही येतो. मग त्याच घरातलं हे लेकरू सावत्र का?

आमचे शेजारी मुलाकडे जर्मनीला जातात. शेंगेन व्हिसासाठी त्यांना किमान ३०,००० युरोचा विमा दाखवावाच लागतो. आकडा बघून व्हिसा मिळतो. आत काय काय वगळलंय, ते आजारी पडल्यावर कळतं. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तेवढंही लागत नाही, त्यामुळे ‘देव बघून घेईल’ म्हणत विमानात बसणारे आजी-आजोबा मी स्वतः पाहिलेत.

२०२० मध्ये आपण ‘आरोग्य संजीवनी’ आणलीत. कंपनी कुठलीही असो, पॉलिसी एकच, अटी त्याच. ज्येष्ठांच्या परदेश प्रवासासाठी तशीच एक आणा, एवढंच मागणं आहे. गेल्या सहा महिन्यांत औषध बदललेलं नाही, दवाखान्यात भरती व्हावं लागलेलं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांमुळे अचानक झालेल्या त्रासाचा खर्चही तिच्यात धरावा. त्यासाठी हप्ता चढा लागला तर लागू दे, पण आकडा आधी सांगा. आणि बाराव्या पानावरचा तो तक्ता ठेवायचाच असेल, तर पहिल्या पानावर, विमा रकमेच्या शेजारी, त्याच टाइपात छापायला लावा.

रेल्वेचं ई-तिकीट काढताना ४५ पैशांत दहा लाखांचा अपघात विमा मिळतो. तिथे सत्तरीच्या माणसाला आणि पंचविशीच्या पोराला दर एकच. अपघात वेगळा, आजारपण वेगळं, हे मला कळतं. पण दोन मिनिटांत समजेल असा विमा लिहिता येतो, हे त्यावरून दिसतंच ना?

ग्राहकाने मागितलं तर माहितीपत्रक त्याच्या भाषेत द्यायचं, हाही आपलाच नियम. मी मराठीत मागितलं तेव्हा एजंट हसला. म्हणाला, “काकू, अमेरिकेला चाललाय ना?”

विमा लोकपालांकडे तक्रार केली आहे, तिचं काय व्हायचं ते होईल. मे महिन्यात नातीचा पहिला वाढदिवस आहे आणि लेक बोलावते आहे. तोवर मला सत्तर पूर्ण होतील, म्हणजे हप्त्याची पुढची पायरी. हे म्हणतात, या वेळी तू एकटीच जाऊन ये.

आपली,
एक आजी, नाशिक