अवरक्त किरण कपाटाबाहेर काढा

अवरक्त (इन्फ्रारेड) किरण डोळ्यांना दिसत नाहीत, एवढे पाठ करून घेऊन हा भाग वर्गात उरकला जातो. वास्तविक हेच किरण सोडणारा टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले, की पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. (पुढचा कॅमेरा वापरावा, मागच्याला बहुधा हे किरण अडवणारा फिल्टर असतो.) त्याहून सरस प्रयोग खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांचा, १८०० सालचा. लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपंक्तीत (रंगांच्या पट्ट्यात) तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, पाऱ्याचा फुगा काळा रंगवलेली तापमापी ठेवायची. पारा तिथेही चढतो, आणि मग मुलेच प्रश्न विचारतात. लोलक, तापमापी बहुतेक शाळांत असतात, पण कुलपात! ते कुलूप निदान एका तासासाठी तरी उघडावे.

– एक विज्ञानप्रेमी वाचक