तेलाची बाटली विमानात गळते ती कामून?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात परभणीहून संभाजीनगर आणि तिथून चिकलठाण्यावरून विमानानं दिल्लीला लेकाकडं गेलो, सोबत घाण्याचं करडईचं तेल, एक बाटली गच्च भरलेली आणि एक घरात वापरून अर्धी झालेली. दोन्हीची झाकणं मीच आवळली, वरून चिकटपट्टी, वरून कॅरीबॅग. दिल्लीत बॅग उघडली तर भरलेली कोरडी ठणठणीत आणि अर्धी मात्र गळून बायकोच्या पैठणीवर सगळं तेल. मला वाटलं सामान उचलणाऱ्यांनी आपटली असेल, त्यांना शिव्या देऊन मोकळा झालो.

भाचा दुबईत असतो, त्याला फोनवर सांगितलं तर हसायलाच लागला. म्हणला मामा, लंडनला जाताना माझ्या व्हेपचं, म्हणजे लिक्विड भरायच्या त्या बॅटरीवरच्या ई-सिगारेटचं, असंच झालं होतं, खिशात सगळा चिकचिकाट. विमान वर गेलं की आतला हवेचा दाब सात-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि बाहेर पडायला बघते, मधी तेल असलं तर तेलालाच ढकलते. म्हणजे दोष तेलाचा नाही, वरच्या रिकाम्या जागेचा! खाली सामानाच्या कप्प्यातबी दाब तोच असतो, तिथं ठेवून काही फरक पडत नाही. पटत नसल तर विमानात पाणी पिऊन रिकामी बाटली झाकण लावून ठेवा, उतरल्यावर कशी चेपलेली असते बघा. मी येताना बघितली.

भाचा आता व्हेपची टाकी रिकामी करूनच निघतो, लिक्विड वेगळ्या बाटलीत, बाटली दाबून हवा काढून झाकण, वरून झिपवाली पिशवी, आणि यंत्र उभं धरून हातातल्या बॅगेत, कारण लिथियम बॅटरीमुळं ते चेक-इनला चालत नाही. तेलालाबी हेच करायचं, काठोकाठ भरा नाहीतर बाटली चेपून हवा काढा. शाईच्या पेनालाबी तेच, निब वर करून ठेवा.

बरं, दिवाळीला येताना तो ते व्हेप इकडं आणणार होता. मी म्हणलं बाबा, टाकी रिकामी केली तरी चालणार नाही, आपल्याकडं 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेट आणायला, विकायला, साठवायलाबी बंदी आहे, आणली तर पहिल्यांदाच एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. त्याला हे माहीतच नव्हतं! आपल्या मराठवाड्यातली कितीतरी पोरं आखातात आहेत, दुबईत दुकानात उघड मिळतं म्हणून इकडंबी चालत असल असं त्यांना वाटणारच.

तर विमानतळवाल्यांना एवढंच सांगणं की चेक-इनच्या रांगेत मराठीत एक पाटी लावा, तेल-लोणच्याच्या बाटलीतली हवा काढा म्हणून, आणि आखातातून पोरगं येणार असल त्या घरच्यांनी व्हेपचं आधीच फोनवर सांगून टाका. पैठणी दोनदा ड्रायक्लीनला दिली, डाग अजून आहे.

आपला,
एक वाचक, परभणी