जुन्या गेमची किंमत सांगताना तो चालतो का तेही सांगा

मा. संपादक,

तुमच्या पुरवणीतला जुन्या व्हिडिओ गेम्सच्या कलेक्शनवरचा लेख वाचला. 2021 मध्ये सुपर मारिओ 64 ची सीलबंद कॉपी लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरला गेली वगैरे सगळं बरोबर आहे, पण अख्ख्या लेखात गेम खेळण्याबद्दल एक ओळ नाही. हौशी लोक गेम का जमवतात हे नुसत्या लिलावाच्या आकड्यांतून कळत नाही म्हणून हे पत्र.

रेडियंट सिल्व्हरगनचं बघा. ट्रेझर नावाच्या छोट्या जपानी कंपनीचा हा सायन्स फिक्शन शूटर, 1998 मध्ये आधी आर्केडला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आला आणि त्याच वर्षी सेगा सॅटर्न या घरी टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर, तोही फक्त जपानमध्ये. बाहेरच्या देशांत सॅटर्नचा बाजार तोवर उठल्यातच जमा होता त्यामुळे तिकडे तो आलाच नाही, ज्याला पाहिजे त्याने जपानी डिस्क मागवायची आणि सॅटर्नला रीजन लॉक (एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या कन्सोलवर चालत नाही) असल्यामुळे वर जपानी कन्सोल किंवा वेगळी कार्ट्रिज पण घ्यायची. कॉपी कमी आणि मागणी जगभरातून, म्हणून वर्षानुवर्षं ही डिस्क शेकडो डॉलरला विकली जातेय. पण दुर्मिळ गेम ढिगाने आहेत हो, त्यातल्या बऱ्याच गेम्सना कुणी विचारत पण नाही. याला विचारतात कारण गेमच तसा आहे.

यात पॉवर-अप, म्हणजे ताकद वाढवणाऱ्या वस्तू, गोळा करायची भानगडच नाही. तीन बटणं, त्यांच्या जोड्या आणि तिन्ही एकदम, अशी मिळून सात शस्त्रं पहिल्या सेकंदापासून तुमच्या हातात असतात. शेवटचं शस्त्र म्हणजे तलवार, ती गुलाबी गोळ्या शोषून घेते आणि पुरेशा शोषल्या की मोठा वार करता येतो, म्हणजे ज्या गोळ्यांपासून पळायचं त्यांच्याचकडे जायचं. शत्रू लाल, निळे आणि पिवळे, एकाच रंगाचे तीन सलग मारले की चेन लागते आणि स्कोअर वाढतो, आणि ज्या शस्त्राने स्कोअर केला त्याच शस्त्राची लेव्हल वाढते, म्हणजे समोर दिसेल ते उडवत सुटलात तर पुढे शस्त्रं कमजोर पडतात आणि बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, आटोपत नाही. कुणाला सोडायचं हे पण ठरवावं लागतं! गेमचे दिग्दर्शक हिरोशी इउची यांनी हे सगळं इतकं विचारपूर्वक रचलंय की इतक्या वर्षांनी पण लोक जास्त स्कोअरचा रूट (कुणाला कधी मारायचं याचा क्रम) शोधत बसतात, आणि हितोशी साकिमोतो यांचं संगीत तर वेगळं बसून ऐकावं असं आहे.

सॅटर्नच्या डिस्कवर आर्केड मोडबरोबर एक सॅटर्न मोड पण दिलाय, त्यात कथा आहे आणि शस्त्रांची लेव्हल सेव्ह होते, आज हरलात तरी उद्या जरा ताकदवान होऊन सुरू करता. सॅटर्नच्या पॅडवर बटणं जास्त असल्यामुळे शस्त्रांना वेगवेगळी बटणं पण देता येतात. हा सेव्ह कन्सोलच्या आतल्या मेमरीत राहतो आणि ती मेमरी एका सीआर 2032 सेलवर टिकून असते, सेल संपला की सगळी मेहनत गेली. म्हणून जुना सॅटर्न घेतला की पहिलं काम सेल बदलायचं, ही असली माहिती लेखात यायला पाहिजे होती असं मला मनापासून वाटतं.

आणि डिस्क घेताना काय बघायचं ते पण. लोक फक्त खालची चकचकीत बाजू बघतात, पण सीडीमध्ये डेटाचा थर वरच्या लेबलच्या अगदी लगत असतो, त्यामुळे लेबलवरचा खोल ओरखडा जास्त घातक. डिस्क उजेडासमोर धरून बारीक छिद्रं दिसतात का बघा. केसच्या कडेला असणारी कागदी पट्टी, स्पाइन कार्ड म्हणतात तिला, ती असली तर भाव वाढतो, ठीक आहे, मलाही ती असलेली कॉपी आवडते, पण पट्टीसाठी खराब डिस्क घेऊ नका.

2011 मध्ये हा गेम एक्सबॉक्स 360 वर आला, 2022 मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला, म्हणजे आता तो खेळायला कुणाला मोठी रक्कम मोजायची गरज नाही, आणि हे चांगलंच झालं. तरी मूळ डिस्कची मागणी संपली नाही, कारण ती कन्सोलमध्ये टाकली की गेम सुरू होतो, कुठल्या सर्व्हरला विचारावं लागत नाही, कंपनी राहो न राहो.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. सोनीचा कॉन्कॉर्ड, हा पण सायन्स फिक्शन शूटर, 23 ऑगस्ट 2024 ला पीएस 5 आणि पीसीवर आला आणि 6 सप्टेंबरला बंद झाला. दोन आठवडे! सोनीने पैसे परत द्यायची घोषणा केली आणि काही दिवसांत त्याच्या डिस्क ऑनलाइन जादा भावाने विकायला आल्या, कलेक्टर्स आयटम म्हणून. पण ती डिस्क पीएस 5 मध्ये टाकून करणार काय? गेम पूर्णपणे ऑनलाइन होता, सर्व्हर गेला की खेळ गेला. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं त्यांचं कामही त्याबरोबर दिसेनासं झालं, मला याचं जास्त वाईट वाटतं. बायोवेअर कंपनीचा अँथम हा गेम 2019 चा, त्याचे सर्व्हर जानेवारी 2026 मध्ये बंद झाले, त्याच्या डिस्कची पण तीच गत.

युरोपात स्टॉप किलिंग गेम्स मोहिमेला 10 लाखांहून जास्त सह्या मिळाल्या, मागणी एवढीच की सपोर्ट बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. कॅलिफोर्नियात 2025 पासून कायदा आहे की तुम्ही मालकी नाही तर लायसन्स, म्हणजे फक्त वापरायची परवानगी घेताय हे विकताना सांगायचं, पण तो डिजिटल विक्रीपुरता आहे. डब्यात डिस्क मिळाली की माणूस समजतो आपला गेम आपल्याजवळ आहे, तिथे तर हे सांगायची जास्त गरज आहे.

तेव्हा पुढच्या वेळी किमतींचा तक्ता छापाल तेव्हा त्यात एक रकाना वाढवा, हा गेम आज नेटशिवाय सुरू होतो की नाही. आणि सेकंडहँड घेणाऱ्यांना विनंती, डब्याचे फोटो मागता तसा गेम चालू असतानाचा व्हिडिओ पण विकणाऱ्याकडे मागा, टायटल स्क्रीनपुरता नको, निदान पहिल्या बॉसपर्यंतचा तरी.

आपला,
एक रेट्रो गेम संग्राहक