ज्यांच्यावर संशय घेतला, त्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आले असते आणि तुम्हाला तेच अधिक आवडले असते, याची मला कल्पना आहे. पण आई हरवली तेव्हा तिची देखभाल करणाऱ्या तुमच्याविषयी जे बोलले गेले ते चारचौघांत बोलले गेले, अनोळखी माणसांनी ते हजारो लोकांपुढे मांडले, आणि त्याला खतपाणी घालणारे एक वाक्य माझ्याच तोंडून गेले होते. तेव्हा आभारही चारचौघांतच मानले पाहिजेत. तुमचे नाव लिहू नये, अशी अट तुम्ही घातलीत. ती पाळते आहे. आमच्या घरी सगळे तुम्हाला ताईच म्हणतात, तेवढे पुरे.

त्या दिवशी काय घडले, हे पुष्कळांना आपापल्या परीने माहीत आहे, म्हणून एकदा सरळ लिहिते. आई 78 वर्षांची आहे आणि तिला स्मृतिभ्रंश असल्याचे निदान होऊन चार वर्षे झाली. दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी तुम्ही कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलात, सव्वाचारला खाली आलात, तेव्हा दार उघडे होते, आईच्या चपला दाराशीच होत्या आणि आई नव्हती. आजूबाजूला पाहून तुम्ही मला फोन केलात. मी म्हणाले, संध्याकाळपर्यंत वाट पाहू, तक्रार नोंदवायला 24 तास थांबावेच लागते ना. त्यावर तुम्ही शांतपणे सांगितलेत की पोलिसांना फोन आधीच केला आहे. 24 तास थांबण्याचा असा कोणताही नियम नसतो, आणि अशा रुग्णाच्या बाबतीत पहिले काही तासच सर्वांत मोलाचे असतात, हे मला नंतर समजले. माझे ऐकले असते तर अंधार पडेपर्यंत कोणी शोधायलाही निघाले नसते.

संध्याकाळी आम्ही आईचे छायाचित्र आणि संपर्काचा क्रमांक सगळीकडे पाठवला. तो पाठवणे योग्यच होते. त्यामुळे कितीतरी माणसे खरोखर शोधायला बाहेर पडली आणि त्यांचेही आभार मानायचे आहेत. पण रात्र होता होता छायाचित्राखालचे प्रश्न बदलले. आई कुठे गेली असेल, हा प्रश्न मागे पडला आणि तिला कोणी नेले, हा पुढे आला. चपला दारात आहेत, अनवाणी कोण घराबाहेर पडतो, म्हणजे उचलूनच नेले असणार. भावाच्या नावावर घर होणार होते का. सुनेशी पटत होते का. गळ्यातली साखळी किती वजनाची होती. हे विचारणाऱ्यांपैकी एकानेही आईला कधी पाहिलेले नव्हते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला चपला घालण्याचे भान राहीलच असे नाही, ही साधी गोष्ट त्यांच्यापैकी कोणाला सुचली नाही. आमच्याही लक्षात आली नाही, हे कबूल करते.

मग शेजारच्या घराच्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण बाहेर पडले आणि सगळा रोख तुमच्याकडे वळला. त्यात आई फाटकावरून जाताना दिसते आणि कोपऱ्यातली वेळ तीन वाजून एकेचाळीस मिनिटे अशी आहे. तुम्ही तर म्हणत होता की चार वाजून पाच मिनिटांपर्यंत आई तुमच्यासमोर होती. या चोवीस मिनिटांवर लोकांनी रात्रभर हिशेब मांडले. कोणी त्यात तुमचा फोन तासभर बंद असल्याचे जोडले, कोणी तुमचा चेहरा थांबवून दाखवला आणि विचारले की या बाईच्या डोळ्यांत पाणी का नाही. सकाळी पोलीस अधिकाऱ्यांनी त्या कॅमेऱ्यासमोर उभे राहून हातातल्या मोबाइलवरची वेळ आणि पडद्यावरची वेळ ताडून पाहिली, तेव्हा कॅमेऱ्याचे घड्याळ एकतीस मिनिटे मागे निघाले. आई गेली ती चार वाजून बारा मिनिटांनी, तुम्ही गच्चीवर असताना, तुम्ही सांगितल्याप्रमाणेच. असे चित्रीकरण हाती आले की तपास करणारे आधी घड्याळ तपासतात, असे ते म्हणाले. रात्रभर हिशेब मांडणाऱ्यांतल्या एकानेही ते केले नव्हते. फोनचे कारण तर त्याहून साधे होते: आमच्या सगळ्या नातेवाइकांना फोन करता करता त्याची बॅटरी संपली होती.

आता माझे वाक्य. रात्री दहाच्या सुमारास फाटकाशी कोणीतरी मोबाइल पुढे धरून मला विचारले, तुम्हाला देखभाल करणाऱ्या बाईंचा संशय येतो का? मी म्हणाले, "आत्ता कोणाबद्दलच काही सांगता येत नाही." मी थकले होते, मला फक्त आत जायचे होते, हे खरे असले तरी सबब म्हणून ते अपुरे आहे. "नाही" हा एक शब्द म्हणायचा होता. माझे ते वाक्य रात्रभर फिरले, घरच्यांनाही संशय आहे अशी त्याची बातमी झाली, आणि सकाळी तुमच्या घराबाहेर माणसे उभी होती. तुमच्या मुलीला त्या दिवशी घराबाहेर पडता आले नाही. तरीही तुम्ही मागच्या वाटेने आमच्याकडे आलात आणि मला काहीही न बोलता पोलिसांपुढे एक वही ठेवलीत.

ती वही मी पूर्वी पाहिली होती, पण वाचली नव्हती. औषधांच्या वेळा, झोप, पाणी किती प्यायले, एवढेच त्यात असेल असे मला वाटे. शेवटची पाने मात्र वेगळी होती. तुम्ही तिथे लिहिले होते की आई रोज चारच्या सुमारास अस्वस्थ होते आणि कामावर जायला निघते. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि तिची पाळी संध्याकाळची असे. बाहेर पडली की उजवीकडेच वळते. भिंतीवर किंवा कुंपणावर हात ठेवून चालते. मोठा रस्ता आला की मागे फिरते, कुत्रे भुंकले की आडोसा शोधते. मोठ्याने हाक मारली तर घाबरून गप्प बसते. ते वाचून अधिकारी म्हणाले की ब्रिटनमधील पोलीस अशी माहिती आधीच भरून ठेवण्यासाठी एक अर्ज वापरतात. लहानपणीचे घर शोधायला निघून हरवलेल्या जॉर्ज हर्बर्ट या माजी सैनिकाच्या नावाने त्याला हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणतात. तुम्ही त्याचे नावही ऐकले नव्हते, आणि तुमच्या वहीत त्यातले जवळजवळ सगळे होते.

शोधपथकातल्या अनुभवी माणसाने पुढचे समजावले. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण बहुधा घरापासून फार लांब जात नाहीत. एखादी वाट धरतात, ती संपली तरी पुढे जात राहतात आणि झुडपांत, खड्ड्यात, कुंपणाच्या कोपऱ्यात अडकले की तिथेच थांबतात. त्यांना आपण हरवलो आहोत असे वाटत नाही, म्हणून ते मदतीसाठी ओरडत नाहीत आणि नावाने हाका मारल्या तरी पुष्कळदा ओ देत नाहीत. तोवर निम्मी माणसे, कोणीतरी "गाडीतून नेताना पाहिले" असे सांगितल्यामुळे, कित्येक किलोमीटर दूर शोधत होती. हे पाहिले कोणी, असे विचारत गेल्यावर प्रत्येकाने ते दुसऱ्याकडून ऐकलेले निघाले. त्यांना माघारी बोलावले आणि वहीतल्या वाटेने, उजवीकडे, कुंपण धरून शोध पुन्हा सुरू झाला.

रात्री साडेदहाला, म्हणजे आई गेल्यानंतर तीस तासांनी, तुम्ही सगळ्यांना बॅटऱ्या खाली करून गप्प राहायला सांगितलेत. त्या झुडपांजवळून आदल्या रात्री दोन वेळा माणसे हाका मारत गेली होती. तुम्ही हाक मारली नाहीत. नेहमीच्या आवाजात विचारलेत, "बाई, एक नंबर जोडून देता का?" थोड्या वेळाने कुंपणामागच्या खळग्यातून आईचा आवाज आला, "थांबा, लाइन बिझी आहे." घरापासून ती जागा जेमतेम सहाशे मीटरवर होती. आईच्या अंगातले पाणी कमी झाले होते, पाय सोलवटले होते, मनगट मोडले होते. गळ्यातली साखळी गळ्यातच होती.

ताई, तुम्ही एकदा मला विचारलेत की लोकांना मी इतकी वाईट का वाटावी, मी कोणाचे काय केले होते. तेव्हा मला उत्तर देता आले नाही. नंतर मी शोधत राहिले. ऑस्ट्रेलियात 17 ऑगस्ट 1980 रोजी उलुरू या खडकाजवळच्या तंबूंच्या तळावरून लिंडी चेंबरलेन यांची नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगो हा जंगली कुत्रा तिला घेऊन गेला, असे तिची आई लिंडी पहिल्यापासून सांगत होती. पण ती लोकांना हवी तशी रडली नाही; मुलीच्या अझारिया या नावाचा अर्थ बळी असा आहे, अशी खोटी आवई उठली; तिच्या गाडीत रक्ताचे म्हणून दाखवलेले डाग पुढे मुख्यतः आवाज रोखणाऱ्या लेपाचे ठरले. 1982 मध्ये तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. 1986 मध्ये मुलीचे जाकीट डिंगोंच्या वावराच्या भागात सापडल्यावर ती सुटली, 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि मृत्यू डिंगोमुळेच झाला असा अधिकृत निष्कर्ष यायला 2012 साल उजाडले. तुमच्या डोळ्यांत पाणी का नाही, असे विचारणाऱ्यांच्या आधीही कितीतरी जणांनी हा प्रश्न विचारला आहे, आणि तेव्हाही तो पुरावा नव्हता.

आणखी एक गोष्ट लोक वारंवार म्हणत: म्हातारे माणूस असे आपोआप नाहीसे होत नसते. होते. जपानच्या पोलिसांकडे 2023 या एका वर्षात स्मृतिभ्रंश असलेल्या किंवा तो असल्याचा संशय असलेल्या 19,000 हून अधिक व्यक्ती हरवल्याच्या नोंदी झाल्या. अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या मते अशा दहा रुग्णांपैकी सहा जण कधी ना कधी भटकत बाहेर पडतात. त्यामागे बहुतेक वेळा ना मालमत्ता असते, ना सून, ना साखळी. दाराची कडी असते, जी चार वर्षांपूर्वी आम्हीच वर, हाताला सहज न लागेल अशा ठिकाणी बसवायला हवी होती. तुम्ही ती बसवा म्हणून दोनदा सांगितले होते, हेही वहीत तारखेसह लिहिलेले आहे. पोलिसांनी ते वाचून मान वर करून माझ्याकडे पाहिले, ती नजर माझ्या लक्षात राहील.

कडी आता बसवली आहे. ज्यांनी तुमच्यावरचे व्हिडिओ केले, त्यांना मी एकेकाला लिहिले. दोघांनी ते काढून टाकले, त्यांतल्या एकाने माफी मागितली. बाकीचे तसेच आहेत आणि आई सापडल्याची बातमी त्यांखाली कोणी जोडलेली नाही. तुमचे नाव शोधणाऱ्याला आजही आधी तेच दिसते, आणि हे पत्र त्याची भरपाई करू शकत नाही, याची मला जाणीव आहे. निदान या प्रकरणाबद्दल शोधणाऱ्याला त्या व्हिडिओंच्या शेजारी हेही सापडावे, एवढ्यासाठी ते उघडपणे लिहिले: आम्हाला तुमच्यावर संशय नव्हता, नाही, आणि आईचा जीव तुमच्यामुळे वाचला.

तुम्ही पुन्हा कामावर याल की नाही, हे अजून सांगितलेले नाही, आणि या पत्रातून मी तसा आग्रह करत नाही. वही पोलिसांनी परत केली आहे, ती तुमचीच आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा आणून देईन. तोवर चारच्या सुमारास मी आईजवळ बसते आणि तुमच्यासारखे विचारून पाहते, एक नंबर जोडून देता का. मला ती दर वेळी सांगते, "राँग नंबर."

आपली कृतज्ञ,
आईची मुलगी