गुंड्याला अ‍ॅडमिट केलंय

आई, बाबा,

संध्याकाळी फोनवर धड बोलता आलं नाही, डॉक्टर समोर उभे होते आणि मला रडू आवरत नव्हतं, म्हणून आता बसून सगळं लिहितेय, सकाळी चष्मा लावून सावकाश वाचा. आपल्या गुंड्या बोक्याची लघवी तुंबली होती, पूर्ण बंद. आता नळी घातलीय, सलाईन चालू आहे आणि आजची रात्र तरी तो दवाखान्यातच राहणार आहे.

आई, तू म्हणालीस ना की पोट साफ होत नसेल, थोडं एरंडेल पाज. बघणाऱ्याला अगदी तसंच वाटतं गं, कारण तो सारखा त्याच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत होता, काहीच व्हायचं नाही, बाहेर यायचा, खालची जागा चाटत बसायचा, परत आत जायचा, आणि दुपारी एकदा असा काही ओरडला की मी ऑफिसची मीटिंग तशीच सोडून उठले. पोटाला हात लावला तर खाली मोसंब्याएवढा टणक गोळा. ते भरलेलं मूत्राशय होतं. तिथून सरळ रिक्षा केली.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. बोक्याची लघवीची वाट मांजरीपेक्षा लांब असते आणि टोकाला फारच बारीक, तिथे बारीक खडे नाहीतर चिकट स्राव अडकला की सगळंच थांबतं, आणि कधीकधी तर खडा वगैरे काही नसतो, आत नुसती सूज असते आणि तिचं एक कारण ताण हे पण असतं म्हणे (आमच्या शेजारी महिनाभर फ्लॅटची तोडफोड चालू आहे, तो दिवसभर पलंगाखाली असतो, माझ्या डोक्यात तेच येतंय). लघवी अडली की किडनीवर दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. गुंड्याचं ८.१ आलं. ते साडेपाचच्या आत पाहिजे. म्हणून आधी ईसीजी लावून कॅल्शियमचं इंजेक्शन, मग भूल, मग नळी. तेवढा वेळ मी बाहेरच्या बाकड्यावर बसून नुसतं रामरक्षा म्हणत होते, आईने लहानपणी पाठ करून घेतलेली, मधली दोन कडवी आठवेनात तर परत पहिल्यापासून.

बाबा, तुमच्या परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारखं हे मोठं नाही, छोटा दवाखाना आहे, पण रात्री डॉक्टर असतात, आणि मला तेवढंच हवं होतं. कारण नळी घातली म्हणजे झालं असं नसतं. अडलेली वाट मोकळी झाली की किडनी भसाभस लघवी बाहेर टाकते, शरीरातलं पाणी कमी होतं, म्हणून पिशवीत किती जमली ते दर थोड्या वेळाने मोजायचं आणि त्या हिशोबाने सलाईन कमी-जास्त करायचं, पोटॅशियम परत तपासायचं. हे घरी होण्यासारखं नाहीच. आणि नळी काढल्यावर पहिले काही दिवस परत अडायची भीती असते ती वेगळीच.

हे सगळं कळतं मला, तरी त्याला तिथे सोडून निघताना पाय उचलत नव्हता. गळ्यात ते कॉलर, पुढच्या पायाला पट्टी, भुलीमुळे डोळे अर्धवट, शेजारच्या खोलीत कुत्रं भुंकतंय. आपण का आणलंय इथे हे त्याला कसं सांगणार. आईच्या जुन्या साडीची गोधडी नर्सताईंना दिलीय पिंजऱ्यात घालायला, तिला घरचा वास आहे. बाबा, मला माहितेय तुम्ही मनात म्हणाल मांजरासाठी एवढा जीव कशाला टाकते ही पोरगी, पण दिवाळीत आलात तेव्हा त्याच्यासाठी बांगड्याचे काटे एकेक काढत कोण बसलं होतं? तो तुमच्याच पायाशी झोपायचा. देवाजवळ दिवा लावताना त्याचं नाव घ्या प्लीज.

आता पिंट्याचं. हे नीट ऐका, पत्र लिहायचं अर्धं कारण हेच आहे. तो पण बोकाच आहे, आणि बाहेर फिरतो त्यामुळे तो लघवी करतो की नाही हे तुम्हाला दिसतच नाही. कुठे मातीत सारखा बसताना दिसला, कुंथताना, ओरडताना, ओकायला लागला, खाणं सोडलं, तर उद्या बघू असं म्हणायचं नाही, एरंडेल नाही, पोट दाबून बघायचं नाही, आणि बाबा, क्रोसिन तर अजिबात नाही, चतकोर सुद्धा नाही, मांजराला ती विष आहे, खरंच जीव जातो. पूर्ण अडलं तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. दापोलीत मांजराला नळी घालणारं कोण आहे हे आत्ताच विचारून ठेवा, नसेल तर चिपळूणला चौकशी करा आणि नंबर फ्रिजवर लावा. मांजरं मुळातच पाणी कमी पितात, त्यामुळे पिंट्याला नुसतं कोरडं खाणं देऊ नका, मासे उकडलेलं पाणी त्यातच घाला, बिनमिठाचं, आणि खारवलेली सुकट बंद.

खर्चाचं विचारू नका, माझ्याकडे आहेत. येऊ का म्हणूनही विचारू नका, बाबांना एसटीचा प्रवास झेपत नाही आणि इथे येऊन तुम्ही पण नुसते बसून राहणार.

सकाळी नऊ वाजता डॉक्टर मला फोन करणार आहेत, रात्रीचे रिपोर्ट बघून. त्यानंतर लगेच तुम्हाला करते. फक्त नऊच्या आधी तुम्ही करू नका, आत्ता रिंग वाजली की दवाखान्यातूनच असेल असं वाटून छातीत धस्स होतं.

तुमची,
मनू